ताईला घाबरवायचं होतं

१

रविवारी सकाळी नऊ वाजता मी कोठीत जाऊन बसते. कोठी म्हणजे आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली सामानाची खोली. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, खिडकी नाही. आत धान्याचे दोन डबे, पाहुण्यांच्या गाद्या आणि एक बंद पडलेला मिक्सर. हा मिक्सर दुरुस्त होईल या आशेवर गेली सहा वर्षं तिथेच आहे. भिंतींवर दोऱ्या बांधून मी गोधड्या टांगल्या आहेत, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला घुमत नाही. ही युक्ती आमच्या भावाच्या मुलीची, चैतालीची. ती कंप्युटरवर आवाज साफ करण्याचं काम करते, त्यामुळे तिच्यापुढे आमचं काही चालत नाही.

दार लावायचं, फोनवर लाल बटण दाबायचं आणि पंधरा मिनिटं बोलायचं. कार्यक्रमाचं नाव ‘रविवारचं भूत’. दर आठवड्याला चार भीतीदायक गोष्टींची शिफारस: एक वाचायला, एक बघायला, एक ऐकायला, एक खेळायला. ऐकणारे दोनशेच्या वर आहेत आणि त्यातले निम्मे मला आजही ‘बाई’ म्हणतात, कारण मी बत्तीस वर्षं शाळेचं वाचनालय सांभाळलं. मुलांना भुताची पुस्तकं द्यायची नाहीत, असा आमच्या मुख्याध्यापिकांचा नियम होता. मी ती भूगोलाच्या कपाटात ठेवायचे. आमच्या शाळेत भूगोलाची गोडी फार होती.

माझ्या आवडीचं एक सांगून ठेवते. किंकाळ्या, रक्त आणि पांढरी साडी असेल तर मी शिफारस करत नाही. कपाटाचं दार कालच्यापेक्षा बोटभर जास्त उघडं आहे, आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही, अशी गोष्ट मला द्या. मग मी जेवणसुद्धा विसरते.

पण हा सगळा उद्योग दोनशे लोकांसाठी नव्हता. तो एका माणसासाठी होता, आणि ते माणूस बाहेर डायनिंग टेबलाशी लसूण सोलत बसलेलं असायचं.

२

सुवर्णाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. भावजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नव्हते, त्यामुळे जागा होती. दोघींनाही भुताखेताच्या गोष्टींचं वेड, त्यामुळे भांडायला विषयही होता. तीन वर्षांपूर्वी साखरेनं तिचे दोन्ही डोळे नेले. पुस्तकं गेली, पत्ते गेले, गॅलरीतून लोकांना नावं ठेवणं गेलं. हळूहळू ती गप्प झाली. पोळी अर्धी टाकायला लागली.

आणि श्रावणात एका दुपारी लसूण सोलता सोलताच म्हणाली, “निफाडच्या पुढे द्राक्षमळ्यात तो वृद्धाश्रम आहे ना, तिथे मी नाव दिलंय. चैतालीकडून फॉर्म भरून घेतला. दिवाळी झाली की जाते.”

मला रडू आलं, ते मी चिडून दाखवलं. म्हटलं, “इथे तुला काय कमी आहे?”

“कमी काही नाही गं. पण आता ऐकायला नवं काही उरलं नाही. तू गोष्ट सुरू करतेस आणि मला शेवट दिसतो. बाकी काही दिसत नाही, शेवट तेवढा दिसतो. मग इथे काय आणि तिथे काय. तू तरी कशाला अडकून पडतेस?”

बरंच बोललो, थोडं भांडलो, आणि शेवटी ठरलं. दिवाळीपर्यंत मी तिला एकदा, फक्त एकदा, खरंखुरं घाबरवलं तर ती जाणार नाही. नाहीतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिची बॅग निफाडला.

मला वाटलं, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ. बत्तीस वर्षं मुलांना घाबरवलंय मी.

पहिल्या आठवड्यात एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवली. घाटातल्या विश्रामगृहात एक इंजिनिअर उतरतो आणि खानसामा त्याला रोज न चुकता केळीच्या पानावर वाढतो. दहाव्या पानावर ताई म्हणाली, “इंजिनिअर मेलाय. खानसामा नैवेद्य दाखवतोय.” मी तीनशे पानं रेटली. इंजिनिअर मेलेलाच निघाला.

मग एक मल्याळी सिनेमा. पडद्यावरचं सगळं मी तिला सांगत होते, आता ती जिना चढतेय, आता मागे वळतेय. ताई पायऱ्यांचे आवाज मोजत होती. “उतरताना एक जास्त वाजली,” म्हणाली, आणि तिथेच सिनेमा संपला, कारण त्यात तेवढंच होतं. मग आठ भागांची कोरियन मालिका, खालची अक्षरं वाचून वाचून माझा घसा बसला. पहिल्याच भागात ताईनं सांगितलं की सगळं शेजारणीनं केलंय. मी विचारलं, कुठली शेजारीण? “जी लिफ्टमध्ये खोकली ती.” एक्स्चेंजमध्ये तिला नाशिक जिल्ह्यातला प्रत्येक व्यापारी खोकल्यावरून कळायचा. तिच्यापुढे कोरियन शेजारीण काय टिकणार?

चैतालीनं एक खेळ आणला. त्यात तुम्ही एका रिकाम्या शाळेत रोज हजेरी घेता आणि पटावर रोज एक नाव वाढलेलं असतं. ताई म्हणाली, “शेवटचं नाव खेळणाऱ्याचं असेल.” चैताली दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

लासलगावच्या अन्सारभाईंनीही हातभार लावला. ते कांद्याची गाडी चालवतात आणि मार्केट यार्डात लिलावाच्या रांगेत बसून माझा कार्यक्रम ऐकतात. त्यांनी एक हिंदी श्राव्यकथा पाठवली, शीतगृहात अडकलेल्या माणसाची. ती ऐकताना ताईला चक्क झोप लागली.

गणपती आले, गेले. नवरात्रात निम्मं नाशिक वणीला जाऊन आलं. मी मात्र कानात गोष्टी घालून बसले होते. पितृपक्षापासून एक नवससुद्धा मनात होता, पण कोणाला नवस बोलावा हेच कळत नव्हतं. ताईला घाबरव, असं देवीला कसं सांगायचं?

३

नवरात्रातल्या पहिल्या सोमवारी अन्सारभाईंचा निरोप आला. ते लिहीत नाहीत, बोलूनच पाठवतात.

“साधनाताई, सलाम. ती हजेरीवाली गोष्ट एकदम कडक होती. लाइनीत ऐकली, माझा नंबर कधी आला तेच कळलं नाही. बस एक विचारायचं होतं. आजकाल तुमच्यासोबत ती दुसरी बाई कोण बसते? हं, हं करते ती. लय छान करते. तिला पण थोडं बोलू द्या ना.”

लिलावाच्या रांगेत शंभर माणसं असतात, कोणीतरी हं म्हणालं असेल, असं म्हणून मी पोळ्या करायला गेले. दुपारी सहज कानात ते बटणांसारखं असतं ते घातलं आणि ऐकलं.

चौथ्या मिनिटाला मी म्हणते, “दुसऱ्या दिवशी पटावर एक नाव वाढलेलं असतं.” मग मी श्वास घेते. आणि त्या श्वासाच्या जागेत, अगदी जवळून, “हं.”

पुढे अजून सात वेळा.

गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. हं थांबला की गोष्ट थांबते. लहानपणी ताई सांगायची आणि मी अंथरुणात पडून हुंकार द्यायचे. माझा हं सैल पडला की ती ओळखायची, झोपली ही. एकदा मी झोपेतच हं हं करत राहिले आणि तिनं मला पूर्ण झोपलेल्या अवस्थेत अख्खी गोष्ट सांगितली. सकाळी कळल्यावर तिनं मला बदडलं होतं.

तेव्हा पहिला संशय ताईवर. बाहेर टेबलापाशी बसून हीच करत असणार. मी विचारलं, “तू मी बोलताना हं म्हणतेस का?”

“गोधड्यांतून मला तुझा शब्द ऐकू येत नाही. हं कशावर म्हणू?”

तेही खरं होतं. मी दोन वेळा खात्री करून घेतली. तिला कोठीत बसवलं, दार लावलं, आणि तिनं आतून घसा फोडून मला शिव्या दिल्या. बाहेर काही आलं नाही. शिव्या दिल्या हे तिनंच नंतर आनंदानं सांगितलं.

४

पुढच्या रविवारी मी कान टवकारून बोलले. प्रत्येक वाक्यानंतर थांबले. कोठीत काही नव्हतं. गोधड्यांचा तो जुना, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि माझा श्वास. मी दिवा बंद केला तेव्हा एक गोधडी जरा हलली, पण ती माझ्या खांद्याला लागूनच टांगलेली असते.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र अकरा हं होते.

आता लपवून काय करू, मला भीतीपेक्षा गंमत जास्त वाटली. कारण तो हुंकार उगाच कुठेही येत नव्हता. पुस्तकाला तीन आले. सिनेमाला पाच. एका वेब मालिकेचं मी जरा जास्तच कौतुक केलं होतं, निर्माता ओळखीचा होता म्हणून, तिथे एकही नव्हता. त्या पूर्ण चार मिनिटांत चिडीचूप. मला वाचनालयात अशी एक विद्यार्थिनी होती, तिला आवडलं नाही की ती फक्त बघत राहायची.

मग मी परीक्षाच घ्यायला लागले. आधी हुंकाराला ऐकवायचं, ज्याला हं जास्त मिळतील ते लोकांना सांगायचं. त्या आठवड्यात माझ्या शिफारशी इतक्या अचूक गेल्या की शाळेतले जुने विद्यार्थी फोन करून विचारायला लागले, बाई, कुठून शोधता? मला तर वाटायला लागलं होतं की तिला मानधन द्यायला हवं. ‘तिला’ असंच मी मनात म्हणत होते. अन्सारभाईंनी सवय लावली.

चैताली आली तेव्हा तिला ऐकवलं. तिनं ते आपल्या मशीनवर घेतलं, आवाजाच्या रेघा मोठ्या करून बघितल्या, माझ्या हसण्याच्या, खोकल्याच्या रेघांशेजारी लावून बघितल्या.

“आत्या, हा तुझाच आवाज आहे.”

“माझा?”

“शंभर टक्के. तूच बोलतेस आणि तूच हं म्हणतेस. लहानपणची सवय आहे ना तुला? तुला कळत नाहीये इतकंच.”

मला इतकं हलकं वाटलं की मी तिला शिरा करून घातला. बरोबरच होतं. झोपेत हुंकार देणारी बाई जागेपणी देणार नाही कशावरून? वयाच्या साठीत माणूस स्वतःशी बोलतं, मी स्वतःला हुंकार देत होते. त्यात वाईट काय?

रात्री भांडी आवरताना एवढंच मनात आलं, की पटावरचं नाव वाढलं तिथे मी श्वास घेत होते. श्वास आत घेताना हं म्हणता येतो का? मी सिंकपाशी उभी राहून करून बघितलं. घुसमटल्यासारखा आवाज आला. मग मी तो विषय सोडून दिला, कारण दिवाळीला सोळा दिवस राहिले होते आणि ताई अजून घाबरली नव्हती.

५

त्यानंतरच्या रविवारी नऊ वाजता मी कोठीत गेले, दार लावलं, बटण दाबलं. पहिलं वाक्य जुळवत होते तेवढ्यात आठवलं, कुकर गॅसवर तसाच आहे. तशीच उठून बाहेर आले. गॅस बारीक केला आणि परत येऊन फोन उचलला.

फोनवर लिहिलं होतं, जागा संपली. रेकॉर्डिंग एकेचाळीस मिनिटांचं होतं.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बघितलं. पावणेदहा. कुकरमधली डाळ तळाला लागली होती आणि घरभर वास सुटला होता. तो वास मला गॅस बारीक करताना कसा आला नाही?

“किती वेळ गं आत!” ताई टेबलाशी लसूण सोलत म्हणाली. “डाळ जळाली म्हणून मी हाका मारल्या. काय एवढं रंगलं होतं?”

मी फोन टेबलावर ठेवून ते रेकॉर्डिंग लावलं. आधी दाराचा आवाज. मग शांतता. मग माझा आवाज, “हं.”

शांतता. “हं.” थोड्या वेळानं, “हं, मग?” पुन्हा शांतता, लांबलचक. मी हसते, अगदी मनापासून. “अगंबाई.” शांतता. “हं.” “हं.” माझे हं सावकाश होत जातात, खाली उतरत जातात. बोलणारं कोणी नाही. बोलण्याची जागा तेवढी आहे, नीट मोजून सोडल्यासारखी.

मला त्यातलं काही, काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर ताईनं तो वरच्यावर धरला.

“असू दे.”

“ताई, यात काही नाहीये. मीच वेड्यासारखी हं हं करतेय.”

“असू दे म्हटलं ना.”

एकेचाळीस मिनिटं ती ऐकत बसली. लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच होती. मधे एकदा तिचे ओठ हलले, एकदा तिनं मान डोलावली. अर्ध्यावर रेकॉर्डिंग तुटलं तेव्हा ती टेबलावर वाकून म्हणाली, “पुढे?”

“पुढे काय? जागा संपली.”

“छे,” ताई म्हणाली. “ऐन वेळी.” मग माझ्याकडे तोंड करून हसली. “घाबरवलं नाही अजून. पण साधने, शेवट ओळखता येत नाहीये.”

मला वाटलं, ती माझी फिरकी घेतेय. आयुष्यभर तेच केलंय तिनं. पण त्या दिवशी ती जळक्या डाळीबरोबर दोन पोळ्या जेवली आणि भात मागून घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ते बघून मी जे पुसायला पाहिजे होतं ते रेकॉर्डिंग पुसलं नाही. फोनमधले सगळे फोटो मात्र काढून टाकले, जागा व्हावी म्हणून. हे मी कशासाठी केलं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

६

दिवाळीच्या आधीचा रविवार. घरात चकलीच्या भाजणीचा खमंग वास होता आणि पॅसेजमध्ये ताईची निळी बॅग भरून तयार होती. चैतालीनंच भरली होती, रडत रडत. बॅगेला अडखळून मी दोनदा पडता पडता वाचले, तरी ती हलवायला हात धजला नाही.

नऊ वाजले. मी कोठीकडे निघाले तर ताई म्हणाली, “आज तू नको सांगूस. आज मी सांगते. समोर बस आणि पूर्वीसारखा हुंकार दे.”

“कुठली गोष्ट?”

“त्या दिवशीची. जिथवर ऐकली तिथवर.”

मला ती पुन्हा ऐकायची नव्हती. पण ती गोष्ट सांगते म्हणाली होती, तीस-चाळीस वर्षांनी. मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली जुनी खुर्ची आहे ती, बसलं की पट्ट्या करकरतात.

ताईनं पदर सारखा केला. “एक घर होतं. घरात तिघी राहायच्या.”

“हं.”

“त्यातल्या दोघींना वाटायचं, आपण दोघीच आहोत.”

“हं.”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. झुंबरबाई असणार, मखमलाबादहून पालेभाजी घेऊन येणाऱ्या. त्यांना थांबवलं तर त्या वरच्या मजल्यावर जातात आणि चांगल्या जुड्या तिथेच संपतात. मी ताईला म्हटलं, थांब, आलेच. दार ओढून घेऊन बाहेर जिन्यात गेले. ताजी हवा लागली तेव्हा कळलं, माझ्या पाठीला घाम आला होता.

“मेथी घ्या बाई, लय कवळी हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. “तोंड का असं उतरलंय? ताई जाणार म्हून?”

“हो ना.”

“नका जाऊ देऊ. घरात बोलाया माणूस पायजे. माझा मालक गेला, तवापास्नं मी गाईसंगं बोलते. ती आपली मान हलवती. तेवढंबी पुरतं.”

मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, कोथिंबीर घेतली, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होते. पाचसात मिनिटं सहज गेली असतील. त्या वर गेल्या, मी दार ढकलून आत आले.

ताई गोष्ट सांगत होती.

मी बाहेर गेल्याचं तिला कळलं नाही की काय? मी हाक मारणार तेवढ्यात ती श्वासाला थांबली, आणि टेबलापासून माझा आवाज आला, “हं.”

मी पॅसेजमध्ये त्या निळ्या बॅगेपाशी उभी होते. दोन्ही हातांत भाजी. तोंड बंद. मी माझी जीभ दातांनी धरून ठेवली, खात्रीसाठी. ताई पुढचं वाक्य बोलली. “हं,” माझा आवाज म्हणाला. शांतपणे, गोडीनं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. गॅलरीतून लख्ख ऊन आत येत होतं. समोरच्या इमारतीत कोणीतरी आकाशकंदील बांधत होतं आणि खालून त्याला सूचना येत होत्या. टेबलावर लसणाची टरफलं, चहाचे दोन कप, माझा चष्मा. माझी खुर्ची रिकामी होती. फक्त तिच्या पट्ट्या खाली वाकल्या होत्या, मी बसते तेव्हा वाकतात तेवढ्याच. प्रत्येक हंबरोबर त्या जराशा करकरत होत्या.

७

चैताली काय म्हणेल ते मी आठवून बघत होते. जुनं प्लास्टिक, उन्हानं सैल झालं असेल. आवाज रेकॉर्डिंगचा असेल, फोन चालू राहिला असेल. फोन माझ्या गाऊनच्या खिशात होता. मी वरूनच चाचपला.

“आलीस?” ताईनं विचारलं. माझ्या दिशेला, पॅसेजकडे तोंड करून. “दार लाव नीट. आणि तिथेच थांब जरा, आता तिची पाळी आहे.”

“ताई.” माझा आवाज मलाच परका वाटला. “तुला ठाऊक होतं?”

“तीस वर्षं कानावर पोट भरलंय मी. तुझा हं मला कळत नाही होय? तुझा हं घाईचा असतो. लवकर संपव, मला झोपायचंय. हिचा पुढचं ऐकण्यासाठी असतो.” मग मला वाईट वाटलं हे तिला कळलं असावं, कारण ती नरम आवाजात म्हणाली, “तुला ऐकू येईल का, याची वाट बघत होते गं. म्हणून बोलले नाही.”

मला भीती वाटायला पाहिजे होती आणि ती वाटतच होती. पण त्याच्या वर, सगळ्यात वर, मला राग आला. अख्खं लहानपण मी या बाईच्या गोष्टींना हुंकार दिला होता. माझ्या खुर्चीत बसून माझ्या बहिणीचं कौतुक दुसरंच कोणीतरी घेत होतं.

ताई पुन्हा खुर्चीकडे वळली. हात मांडीवर घेतले, मान जराशी तिरकी केली, एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसायची तशी. आणि आता हुंकार ती द्यायला लागली.

“हं.”

मला काही ऐकू येत नव्हतं. आकाशकंदीलवाल्यांचा गलका, फ्रिजची घरघर. बास.

“हं... हं.”

तिचा चेहरा मी बघत होते. आधी तो हसरा होता. मग त्यावरचं हसू तसंच राहिलं आणि आतून रंग उतरत गेला. तिचा हात टेबलावरून सरकत लसणाच्या टरफलांतून काहीतरी शोधायला लागला. माझा हात शोधतेय हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मी भाजी खाली टाकली आणि धावले. खुर्चीला वळसा घालून गेले, अंग चोरून, गर्दीतून जातो तशी. तिची बोटं बर्फासारखी गार होती आणि तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

“साधने,” ती पुटपुटली. “घाबरले गं. खरंच घाबरले.”

या चार शब्दांसाठी मी श्रावणापासून जिवाचं रान केलं होतं. मला रडू फुटलं, या वेळी मी ते लपवलं नाही. तीही रडत होती आणि हसत होती, गालांवर रंग परत येत होता, साठीच्या पुढची बाई जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखी दिसत होती.

“ती बॅग उचल,” ती म्हणाली. “त्या निफाडच्या लोकांना फोन कर, येत नाही म्हणावं. आणि चहा टाक. एकदम कडक.”

“संपली का पण गोष्ट?” मी विचारलं. खुर्चीकडे मी बघत नव्हते. “ताई, संपली ना?”

“कुठली संपतेय. आत्ताशी तर सुरुवात आहे.”

“मग किती लांब आहे?”

“थांब, विचारते.” ताई खुर्चीकडे वळली. पट्ट्या करकरल्या. तिनं ऐकून घेतलं, “हं” म्हणाली, आणि माझ्या हातावर थोपटत, अगदी समाधानानं, मला सांगितलं:

“काळजी करू नकोस. आपल्या दोघींना पुरून उरेल म्हणते.”